राष्ट्रीय अवकाश धोरण आणि लाडबोरीची रिंग

(बी. ए. भाग २)

प्रास्ताविक

अवकाश संशोधन म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर श्रीहरिकोटा उभे राहते. ज्वाळा ओकत वर जाणारे रॉकेट, टाळ्या वाजवणारे शास्त्रज्ञ आणि दूरदर्शनच्या पडद्यासमोर श्वास रोखून बसलेला देश, असे ते चित्र असते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्या संध्याकाळी आमच्या माजरीतही फटाके फुटले. हा अभिमान रास्तच आहे. परंतु रॉकेट जेथून वर जाते ते ठिकाण सर्वांना माहीत असते. ते जेथे खाली येते त्या ठिकाणाचे नाव फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. असे एक ठिकाण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी हे ते गाव होय.

'हा विषय विज्ञान शाखेचा. कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात कशाला पडावे?' असे माझ्या काही मैत्रिणींनी विचारले. रॉकेट कसे उडते हा विज्ञानाचा प्रश्न आहे हे खरे. परंतु ते उडवण्याची परवानगी कोणी द्यावी, त्यातून होणारा नफा कोणाचा, आणि त्याचा तुकडा कोणाच्या घरावर पडला तर भरपाई कोणी द्यावी, हे प्रश्न राज्यशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. 'धोरण' हा शब्द आमच्या घरी पुस्तकातून आला नाही. जमीन गेली, खाण आली, खाण बंद झाली, ठेकेदार बदलला, अशा घटनांतून तो आला. म्हणून धोरणाकडे वरून न पाहता खालून पाहण्याची सवय मला आहे. प्रस्तुत लेखात राष्ट्रीय अवकाश धोरणाकडे मी तसेच पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

धोरणाची वाटचाल

भारतात अवकाश संशोधनाची सुरुवात १९६२ साली झाली. त्या वर्षी डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा या मच्छीमारांच्या गावाहून पहिले रॉकेट सुटले. ते अमेरिकन बनावटीचे होते. १५ ऑगस्ट १९६९ रोजी 'इस्रो'ची स्थापना झाली आणि १९७२ साली केंद्र सरकारने स्वतंत्र अवकाश विभाग निर्माण केला. १९७५ साली 'आर्यभट्ट' हा पहिला भारतीय उपग्रह रशियाच्या साहाय्याने कक्षेत गेला, तर १९८० साली एस.एल.व्ही.-३ या स्वदेशी रॉकेटने 'रोहिणी' उपग्रह वर नेला.

गरीब देशाला हा खर्च परवडतो का, असा आक्षेप त्या काळी घेतला जात असे. साराभाईंचे उत्तर असे होते की चंद्राच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्यासाठी हा खटाटोप नसून सामान्य माणसाचे प्रश्न सोडवण्यासाठी आहे. १९७५-७६ साली झालेला 'साइट' हा प्रयोग त्या विचाराचे फळ होय. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे दूरदर्शन कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु या प्रयोगात कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस आणि प्रमोद काळे या मराठी शास्त्रज्ञांचा मोलाचा वाटा होता, ही आपल्याला भूषणावह गोष्ट आहे.

या पहिल्या टप्प्यात सर्व काही सरकारचे होते. रॉकेट, उपग्रह, तळ आणि जबाबदारीही सरकारचीच. दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला. १६ मे २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी काही क्षेत्रे खाजगी उद्योगांना खुली करण्याची घोषणा केली. त्या एकाच दिवशीच्या घोषणेत कोळसा होता आणि अवकाशही होते. पुढच्याच महिन्यात, १८ जून रोजी व्यापारी तत्त्वावरील कोळसा खाणींच्या लिलावाला प्रारंभ झाला आणि २४ जून रोजी खाजगी कंपन्यांना अवकाश क्षेत्रात परवानगी देणाऱ्या 'इन-स्पेस' या संस्थेला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. जमिनीखालचा कोळसा आणि जमिनीवरचे आकाश यांचा निर्णय असा बरोबरीने झाला. कोळशाच्या गावात राहणाऱ्या मला हा योगायोग महत्त्वाचा वाटतो. कोळशाचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि नंतर तो पुन्हा खाजगी हातांकडे निघाला. हा सारा प्रवास आमच्या गावाने पाहिला आहे. मालक बदलला की उत्पादनाचे आकडे बदलतात. पण खड्डा, धूळ आणि भिंतीला गेलेले तडे यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक मालकाला नव्याने विचारावा लागतो.

२०२३ चे धोरण व अपेक्षित वाढ

६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'भारतीय अवकाश धोरण २०२३' ला मंजुरी दिली. हे धोरण थोडक्या पानांचे आहे. त्यात चार संस्थांची कामे वाटून दिली आहेत. 'इस्रो'ने मुख्यतः नवे संशोधन करावे, 'न्यू स्पेस इंडिया लिमिटेड' या २०१९ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने व्यापार पाहावा, 'इन-स्पेस'ने परवाने द्यावेत आणि अवकाश विभागाने या सर्वांवर देखरेख ठेवावी, अशी ती विभागणी आहे. खाजगी कंपन्यांना उपग्रह बनवणे, रॉकेट उडवणे, स्वतःचा तळ उभारणे व सेवा विकणे, या सर्व गोष्टींची मुभा देण्यात आली आहे.

त्याचे परिणामही दिसू लागले आहेत. हैदराबादच्या 'स्कायरूट' कंपनीने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी भारतातील पहिले खाजगी रॉकेट उडवले. मद्रासच्या 'अग्निकुल' कंपनीने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथील आपल्या स्वतःच्या तळावरून दुसरे उडवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये या क्षेत्रातील परकीय गुंतवणुकीचे नियम सैल करण्यात आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कंपन्यांसाठी १,००० कोटी रुपयांचा निधी मंजूर झाला. २०२३ च्या सुमारास भारताचा अवकाश व्यवसाय ८.४ अब्ज डॉलरचा, म्हणजे जगाच्या सुमारे दोन टक्के होता. तो २०३३ पर्यंत ४४ अब्ज डॉलरवर न्यावा, असे 'इन-स्पेस'ने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले उद्दिष्ट आहे.

या वाढीला विरोध करण्याचे कारण नाही. उपग्रहांचा उपयोग आपल्या जंगल जिल्ह्यांना रोज होत असतो, फक्त तो दिसत नाही. उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात वणवा लागला की उपग्रहाला तो ठिपक्यासारखा दिसतो आणि देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेमार्फत वनखात्याला सूचना जाते. उघड्या कोळसा खाणींनी उकरलेल्या जमिनीवर पुन्हा किती झाडी आली, हेही उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तपासले जाते. नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. पाणलोट, पिके आणि जमीन यांचे नकाशे तेथे तयार होतात. वनहक्काच्या दाव्यातही उपग्रहाचे छायाचित्र पूरक पुरावा म्हणून चालते. मात्र ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, असे २०१२ च्या सुधारित नियमांनी बजावले आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची साक्ष आणि आकाशातील डोळा या दोहोंना कायद्याने शेजारी बसवले आहे. धोरण कसे असावे याचा हा एक चांगला नमुना आहे.

लाडबोरीची घटना

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. २ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या दिवशी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, मध्य प्रदेश व गुजरातच्या आकाशात अग्नीचे लोळ एका रेषेत सरकताना हजारो लोकांनी पाहिले. आम्ही माजरीच्या लोकांनीही ते पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान कोसळले म्हणाले. थोड्याच वेळात आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भाताच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावातील एका मोकळ्या जागेत धातूची भली मोठी रिंग धाडकन येऊन पडली. तिचा व्यास दोन ते तीन मीटर आणि वजन चाळीस किलोहून अधिक असल्याचे वृत्तपत्रांत आले. गावकरी सामुदायिक जेवणाच्या तयारीत होते. स्फोट होईल या भीतीने लोक घरांत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्याच तालुक्यातील पवनपार येथे सुमारे अर्धा मीटर व्यासाचा धातूचा गोळा सापडला. पुढे आणखीही गोळे मिळाले. या वस्तू पोलिसांच्या ताब्यात गेल्या आणि 'इस्रो'चे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३-बी' या रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, असा निष्कर्ष अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी काढला. म्हणजे रॉकेटने आपले काम वर्षभरापूर्वीच संपवले होते. उरलेला सांगाडा तेवढा पृथ्वीभोवती फिरत होता.

तो खाली का आला? उपग्रह कक्षेत सोडल्यावर रॉकेटचा वरचा टप्पा रिकाम्या पिंपासारखा फिरत राहतो. खालच्या कक्षेत अतिशय विरळ का होईना, हवा असते. तिच्या घर्षणाने त्याचा वेग कमी होतो, तो खाली खाली येतो आणि शेवटी सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने दाट वातावरणात शिरतो. बराचसा भाग जळून जातो. परंतु मोठ्या वस्तूच्या वजनापैकी दहा ते चाळीस टक्के भाग जमिनीपर्यंत पोहोचू शकतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. इंधनाच्या टाक्यांत दाब राखण्यासाठी वायू भरलेले गोळे असतात. त्यांत टायटॅनियमसारखा धातू वापरलेला असतो आणि तो वितळायला सुमारे १,६६८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणून गोळे शाबूत उतरतात.

आमच्या आजीला १९७९ सालचे 'स्कायलॅब' आठवते. अमेरिकेची ती सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा आपल्यावरच पडणार अशी आवई तेव्हा खेडोपाडी उठली होती. प्रत्यक्षात ११ जुलै १९७९ रोजी ती हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. लाडबोरीची बातमी मी आजीला वाचून दाखवली. तेव्हा कोणत्या देशाचे रॉकेट, किती किलोचे, यांपैकी एकही गोष्ट तिने विचारली नाही. ती एवढेच म्हणाली, "पडलं त पडलं, पन कोनाच्या घरावर पडलं असतं त भरून कोन देईन?" मी अवकाश धोरण वाचायला घेतले ते या प्रश्नामुळे.

धोका कोणाच्या वाट्याला?

लाडबोरीसारखी घटना हजारांत एकदा घडायची, तिचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. एका विशिष्ट माणसाच्या डोक्यावर तुकडा पडण्याची शक्यता अत्यल्प आहे, यात शंका नाही. परंतु एकंदर शक्यता वाढत चालली आहे. २०२४ या एका वर्षात जगात अडीचशेहून अधिक रॉकेटे कक्षेकडे झेपावली. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार निकामी उपग्रह किंवा रॉकेटचे अखंड भाग आता सरासरी दिवसातून तीनहून अधिक वेळा वातावरणात शिरत आहेत. ३० डिसेंबर २०२४ रोजी केनियातील मुकुकू नावाच्या खेड्यात सुमारे अडीच मीटर व्यासाची आणि पाचशे किलो वजनाची रिंग पडली. लाडबोरीची ती थोरली बहीणच म्हणायची.

कॅनडातील अभ्यासकांनी २०२२ साली या धोक्याचे गणित मांडले. अशा अनियंत्रित पडझडीत पुढील दहा वर्षांत एक किंवा अधिक माणसे दगावण्याची शक्यता सुमारे दहा टक्के आहे, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की न्यूयॉर्क, बीजिंग किंवा मॉस्को यांच्या अक्षांशांपेक्षा ढाका, जकार्ता, लागोस यांच्या अक्षांशांवर तुकडे पडण्याची शक्यता किमान तिप्पट आहे. दूरसंचाराचे उपग्रह नेणारी अनेक रॉकेटे विषुववृत्ताच्या जवळपासच्या पट्ट्यावरून फिरत राहतात. आपला जिल्हा सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे या पट्ट्यातच मोडतो. उपग्रहांचा सर्वाधिक लाभ श्रीमंत राष्ट्रांना आणि रॉकेटच्या सांगाड्यांचा धोका गरीब राष्ट्रांना, अशी ही वाटणी आहे.

कायदा काय म्हणतो?

या बाबतीत आंतरराष्ट्रीय कायदा आहे, आणि तो बराच स्पष्ट आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार, खाजगी कंपनीने केलेल्या अवकाश कार्याबद्दलही तिचे राष्ट्रच जबाबदार असते. अवकाशात सोडलेली वस्तू परत पडली तरी तिची मालकी बदलत नाही; म्हणून सापडलेली रिंग गावाची होत नाही, किंवा ती भंगारवाल्याला विकताही येत नाही. १९६८ च्या करारानुसार अशी वस्तू सापडल्याचे कळवावे लागते आणि मूळ राष्ट्राने मागितल्यास ती परत द्यावी लागते. १९७२ च्या दायित्व करारानुसार पृथ्वीच्या पृष्ठभागावर नुकसान झाले, तर उड्डाण करणाऱ्या राष्ट्राने संपूर्ण भरपाई द्यावयाची असते; त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नसते. भारत या करारात १९७९ साली, म्हणजे 'स्कायलॅब'च्याच वर्षी सामील झाला. चीनही त्यात आहे.

हा करार केवळ कागदावर राहिलेला नाही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. कॅनडाने विरळ वस्तीच्या त्या बर्फाळ मुलखात किरणोत्सर्गी तुकडे शोधून काढले आणि सुमारे साठ लाख डॉलरचा दावा मांडला. १९८१ साली रशियाने तीस लाख डॉलर दिले.

परंतु या करारात आपल्यासारख्यांच्या दृष्टीने तीन अडचणी आहेत. पहिली अशी, की दावा राष्ट्राने राष्ट्रावर करावयाचा असतो. लाडबोरीचा माणूस बीजिंगला दावा पाठवू शकत नाही. दिल्लीने त्याच्या वतीने तो पाठवावा लागतो, आणि पाठवायचा की नाही हे दिल्ली ठरवते. दुसरी अशी, की साधारणतः एका वर्षाच्या आत दावा मांडावा लागतो. तिसरी अडचण सर्वांत मोठी असून तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. उड्डाण करणाऱ्या राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच होत नाही. चिनी रॉकेट लाडबोरीत पडले तर करार आहे; भारतीय रॉकेट लाडबोरीत पडले तर नाही. तेथे आपल्या संसदेने केलेला कायदाच हवा.

धोरणातील उणीव

असा कायदा आपल्याकडे आहे काय? नोव्हेंबर २०१७ मध्ये अवकाश कार्य विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता. तो मसुदा कायदा होऊ शकला नाही. त्यातही भर होता तो सरकारवर दावा आला तर कंपनीने सरकारला भरपाई द्यावी यावर. नुकसान झालेल्या माणसाने कोठे जावे याची सोपी वाट त्यात नव्हती. २०२३ साली धोरण आले, मे २०२४ मध्ये 'इन-स्पेस'ने परवान्यांची सविस्तर नियमावली काढली. परंतु धोरण म्हणजे सरकारने स्वतःला सांगितलेला मार्ग आणि नियमावली म्हणजे परवाना मागणाऱ्याला घातलेल्या अटी. नागरिकाच्या हाती हक्क येतो तो कायद्याने. दिवाणी न्यायालय सर्वांना खुले आहे, हे मान्य. पण रॉकेट कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षे खटला चालवणे धानाच्या शेतकऱ्याला झेपणारे नाही.

आपण केवळ दुसऱ्यांकडे बोट दाखवून चालणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीन हेड येथील किनाऱ्यावर माणसाहून उंच असा धातूचा नळकांडा वाहत आला. तो भारताच्या पी.एस.एल.व्ही. रॉकेटचा भाग असल्याचे तेथील अवकाश संस्थेने जाहीर केले. म्हणजे लाडबोरीकर म्हणून आपण जो प्रश्न चीनला विचारतो, तोच ग्रीन हेडचे लोक आपल्याला विचारू शकतात.

सुदैवाने आपल्या शास्त्रज्ञांनी योग्य दिशाही दाखवली आहे. ७ मार्च २०२३ रोजी 'मेघा-ट्रॉपिक्स' हा जुना उपग्रह उरलेले इंधन वापरून मुद्दाम निर्मनुष्य प्रशांत महासागरात उतरवण्यात आला. २०३० पर्यंत भारताच्या सर्व अवकाश मोहिमा, सरकारी तशाच खाजगी, कचरामुक्त करण्याचा संकल्प 'इस्रो'ने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केला. संकल्प स्तुत्य आहे. मात्र इंधन राखून ठेवणे म्हणजे तेवढा माल कमी नेणे, आणि माल कमी म्हणजे नफा कमी. सरकारी संस्था हा तोटा सोसेल. स्पर्धेत उतरलेली कंपनी कायद्याच्या सक्तीवाचून तो का सोसेल?

काय करता येईल?

यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही, असे माझे नम्र मत आहे. आपल्या देशातच दोन नमुने आहेत.

पहिला नमुना भोपाळचा. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्याने विमा उतरवलाच पाहिजे आणि अपघात झाल्यास कोणाची चूक हे सिद्ध न करता पीडिताला तातडीची मदत मिळाली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. त्यासाठी अर्ज करायचा तो जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यातील रकमा तुटपुंज्या आहेत. पण तत्त्व मोलाचे आहे. रॉकेटलाही हेच तत्त्व लावता येईल. परदेशी रॉकेट असेल तर केंद्राने आधी आपल्या माणसाला मदत द्यावी आणि मग त्या राष्ट्राकडून वसूल करावी.

दुसरा नमुना आपल्या रानातला. वाघाने गाय मारली तर काय करायचे, हे आपल्याकडच्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. वनरक्षकाला कळवायचे, जागा हलवायची नाही, पंचनामा होऊ द्यायचा आणि भरपाईचा अर्ज भरायचा. ही पद्धत काही एका दिवसात लोकांना कळली नाही. शासनाने ती घालून दिली आणि लोकांनी ती आत्मसात केली. आकाशातून पडलेल्या वस्तूसाठीही तलाठी, ग्रामपंचायत व पोलीस पाटील यांच्या हाती असाच एक ठरलेला नमुना हवा. दावा एका वर्षात करायचा असेल तर पहिल्या दिवशीचा पंचनामा हाच पाया ठरतो.

तिसरी गोष्ट माहितीची. इंधनाच्या टाकीत हायड्रॅझिनसारखे विषारी द्रव्य शिल्लक असू शकते. म्हणून पडलेल्या वस्तूला हात लावू नये, तिच्याभोवती गर्दी करू नये, मुलांना दूर ठेवावे. एवढ्या साध्या सूचना मराठीत, आणि गडचिरोलीकडे गोंडी व माडियात, प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागायला हव्यात. त्याला फार पैसा लागत नाही. कोणते रॉकेट केव्हा खाली येत आहे यावर 'इस्रो'चे बंगलोर येथील केंद्र नजर ठेवते. ती सूचना तालुक्यापर्यंत पोहोचवण्याची साखळी तेवढी जोडायची आहे.

चौथी गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांची. ४४ अब्ज डॉलरच्या व्यवसायात केवळ अभियंतेच लागणार नाहीत. कायदा जाणणारे, भूगोल व नकाशे जाणणारे, विमा व अर्थकारण जाणणारे आणि गावच्या भाषेत समजावून सांगणारे लोकही लागतील. भूगोलाच्या वर्गात सुदूर संवेदनाचे प्रकरण आपण परीक्षेपुरते वाचतो. ते ज्या नागपूरच्या केंद्रात प्रत्यक्ष चालते, तेथे आपल्या महाविद्यालयाची एक अभ्याससहल गेली, तर अनेकांना वाट सापडेल, अशी प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे.

समारोप

सारांश, अवकाश धोरणाचा पहिला टप्पा सरकारच्या हाती होता आणि त्याचे ध्येय सामान्य माणूस हे होते. दुसऱ्या टप्प्यात भांडवल आले, वेग आला, मोठे आकडे आले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु ज्यांच्या डोक्यावरून ही रॉकेटे जाणार त्यांना या धोरणात अद्याप जागा मिळालेली नाही. त्यांना नफ्यात वाटा नको आहे. अपघात झाल्यास कोणाच्या दारी जायचे, एवढे त्यांना कायद्याने सांगितले म्हणजे पुरे.

कोळशाच्या बाबतीत आपल्या भागाने ही जागा उशिरा आणि फार झगडून मागितली. खाणी आधी आल्या, प्रश्न नंतर विचारले गेले. अवकाशाच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. लाडबोरीत कोणालाही इजा झाली नाही. ती रिंग मोकळ्या जागेत पडली. दैवाने दिलेल्या या सवलतीच्या काळातच संसदेने कायदा करावा, आणि त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आवाज उठवावा. आकाशातून वस्तू पडण्याचा अनुभव ज्या जिल्ह्याने घेतला आहे, त्याच जिल्ह्यातून ही मागणी जाणे सर्वांत उचित ठरेल.